ई-रीडरवर मराठी कोश लागत नाही? 'घर', 'नाव', 'गुऱ्हाळ', 'घरात' हे चार शब्द तपासा

कोश चढवलाय, यादीत त्याचं नावही दिसतंय, तरी पुस्तकातल्या शब्दावर बोट दाबून धरलं की खिडकी रिकामी येते. मग लोक तो कोश काढून दुसरा चढवतात. तोही तसाच वागतो, आणि शेवटी 'मराठीला हे चालतच नाही' म्हणून नाद सोडून देतात. चालतं, आणि चांगलं चालतं. पण यात दोष चार वेगवेगळे आहेत. चारही बाहेरून सारखेच दिसतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

इथलं सगळं केओरीडर हे पुस्तकं वाचायचं सॉफ्टवेअर धरून लिहिलं आहे. ते कोबो, किंडल, पॉकेटबुक आणि अँड्रॉइड या सगळ्यांवर चालतं आणि स्टारडिक्ट या फाइलप्रकारातले कोश सरळ वाचतं. किंडल आणि कोबोच्या मूळ सॉफ्टवेअरबद्दल शेवटी थोडक्यात आहे.

पहिलं काम म्हणजे फझी सर्च बंद करणं. भिंगाच्या चिन्हाखालचा मेनू उघडा, सेटिंग्ज, मग डिक्शनरी सेटिंग्ज, तिथे तो पर्याय आहे. फझी सर्च चालू असला की दोन-तीन चिन्हांचा फरक असलेले शब्दही पुढ्यात येतात. इंग्रजीत त्याने स्पेलिंगची चूक झाकली जाते. मराठीत मात्र दिसायला जवळचा पण नात्यागोत्याचा नसलेला शब्द येतो आणि खरा दोष कुठे आहे ते कळत नाही. तो बंद करून चार शब्द शोधा: 'घर', 'नाव', 'गुऱ्हाळ' आणि 'घरात'. 'गुऱ्हाळ' मात्र टाइप करू नका. पुस्तकात जिथे असेल तिथे बोट दाबून शोधा, कारण त्यातला दोष पुस्तक आणि कोश यांच्यामधला आहे.

'घर'सुद्धा सापडत नाही

मग दोष बसवण्यातच आहे. स्टारडिक्टचा कोश म्हणजे किमान तीन फाइली: आयएफओ, आयडीएक्स आणि डिक्ट (बहुधा दाबलेली, डिक्ट-डीझेड). पर्यायी रूपं असतील तर चौथी एसवायएन. सगळ्यांची नावं शेपूट (टिंबानंतरचा भाग) सोडून तंतोतंत एक हवीत. या फाइली केओरीडरच्या फोल्डरात 'डेटा', त्यात 'डिक्ट', त्यात कोशाचा वेगळा फोल्डर करून ठेवायच्या. कोबोवर केओरीडरचा फोल्डर 'ॲड्स' नावाच्या लपलेल्या फोल्डरात असतो, त्यामुळे संगणकावर लपलेल्या फाइली दाखवायला सांगावं लागतं. झिप किंवा टार फाइल न उकलता तशीच टाकून दिली तर कोश यादीत येणारच नाही.

यादीत येतो, शब्दही सापडतो, पण अर्थ कोरा राहतो, असं होत असेल तर डिक्ट-डीझेड फाइल तपासा. ती डिक्टझिपने दाबलेली असावी लागते. साध्या जीझिपने दाबून नुसतं शेपूट बदललं तर फाइलच्या मधूनच वाचायला सुरुवात करता येत नाही. अशी फाइल उकलून मोकळी डिक्ट फाइल ठेवली तरी चालतं. अर्थाच्या जागी कोनी कंसातले टॅग दिसत असतील तर आयएफओ फाइलीत 'सेमटाइपसीक्वेन्स' या ओळीपुढे 'एम' असेल, तिथे 'एच' हवं.

आणखी एक चूक वारंवार होते. कोश स्वतः बनवताना शब्द छापील कोशाच्या क्रमाने लावले जातात. आयडीएक्स फाइलीत यंत्र शब्द अर्ध्या-अर्ध्याने शोधत जातं आणि त्याचा क्रम युनिकोडच्या बाइटचा असतो. त्या क्रमात 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्यामध्ये येतो, 'क्ष' हा 'क'मध्येच मोडतो, 'ज्ञ' हा 'ज'मध्ये, आणि अनुस्वाराचा क्रम 'अ'च्याही आधी लागतो. आपल्या वर्णमालेत 'ळ, क्ष, ज्ञ' शेवटी आहेत. त्या क्रमाने लावलेल्या कोशात काही शब्द सापडतात, काही सापडत नाहीत, आणि त्यात काही पद्धत दिसत नाही. हाताने क्रम लावू नका, पायग्लॉसरी या कोश बनवायच्या प्रोग्रामला लावू द्या.

कोश बदलताना जुन्या फाइलींबरोबर आयडीएक्सशेजारी तयार झालेली ओएफटी फाइलही पुसा. ती जुन्या क्रमाची खूणवही असते. नवा कोश आणि जुनी खूणवही एकत्र राहिली तर भलत्या शब्दाचा अर्थ उघडू शकतो.

'नाव' शोधलं तर होडी येते

कोश बरोबर बसलाय, पण जुन्या लेखनातला आहे. मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश मुक्त आहे, त्यात सुमारे ६० हजार शब्द आहेत आणि शिकागो विद्यापीठाने तो ऑनलाइन उपलब्ध केला आहे. त्यामुळे ई-रीडरवर बहुतेक वेळा तोच चढतो. पण त्यात 'नाव' म्हणजे होडी आणि माणसाचं ते 'नांव'. क्रियापदं 'करणें', 'बसणें' अशी आहेत, 'गांव' आणि 'पांच' अनुस्वारासकट आहेत. आपण वाचतो ती पुस्तकं १९६२च्या लेखननियमांनंतरची. न उच्चारले जाणारे अनुस्वार त्या नियमांनी काढून टाकले.

यातल्या दोन गोष्टी डोळे झाकून करता येतात. शब्दाच्या शेवटचा 'णें', 'डें', 'ळें' यावरचा अनुस्वार काढून ते रूप पर्याय म्हणून जोडा. शेवटची ऱ्हस्व वेलांटी किंवा उकार दीर्घ करून जोडा, म्हणजे 'कवि'ला 'कवी', 'गुरु'ला 'गुरू'.

मधल्या अनुस्वाराचं मात्र तसं नाही. 'कांटा'चा 'काटा' होतो, पण 'कांदा' तसाच राहतो. सगळे अनुस्वार सरसकट काढले तर 'आंबा' शोधायच्या शब्दांत 'आबा' येऊन बसतो, आणि आपल्याकडे दर तिसऱ्या गोष्टीत एक आबा असतो. हे शब्द वेगळ्या यादीत काढून डोळ्यांनी तपासावेत. मूळ नोंद तशीच ठेवा, नवं रूप फक्त पर्याय म्हणून द्या. म्हणजे 'नाव' शोधल्यावर होडीही येईल आणि नांवही. वाचणाऱ्याला त्यातलं कोणतं ते लगेच कळतं.

'गुऱ्हाळ' कोशात आहे, पुस्तकात आहे, तरी जुळत नाही

वारणा-कृष्णेच्या पट्ट्यातलं कुठलंही लेखन घ्या, हा शब्द येणारच. डोळ्यांना दोन्हीकडे सारखाच दिसतो, पण आत तो तीन तऱ्हेने लिहिलेला असू शकतो. 'ऱ्ह'मधला अर्धा र युनिकोडमध्ये ०९३१ क्रमांकाचा स्वतंत्र 'ऱ' आणि पुढे हलन्त, असा लिहितात. जुन्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक, क्रमांक २००डी. तिसऱ्या पद्धतीत साधा र, त्याखाली नुक्ता म्हणजे टिंब, मग हलन्त.

ओळखायला सोपी युक्ती आहे. अर्थाच्या खिडकीत वरच्या शब्दावर टिचकी मारली की तो संपादनाच्या चौकटीत येतो. तिथे शेवटी कर्सर ठेवून एकेक करून पुसत जा आणि किती वेळा पुसावं लागलं ते मोजा. पहिल्या पद्धतीच्या 'गुऱ्हाळ'ला सात वेळा लागतं: ळ, काना, ह, हलन्त, ऱ, उकार, ग. आठ वेळा लागलं तर आत एक जादा चिन्ह आहे. संगणकावर लिबरऑफिस रायटरमध्ये अक्षराच्या मागे कर्सर ठेवून आल्ट आणि एक्स दाबलं की चिन्हाचा क्रमांकच दिसतो.

यावर एनएफसी नावाचं युनिकोडचं प्रमाणीकरण (सारख्या चिन्हांचं एकच रूप करणं) सांगितलं जातं, ते इथे अर्धंच पुरतं. र आणि नुक्ता जोडून ते ०९३१ करतं, पण जोडकाला हात लावत नाही. म्हणून एनएफसीनंतर 'र, हलन्त, जोडक' या तिघांच्या जागी 'ऱ, हलन्त' असं शोधा-बदला करावं लागतं. त्याच फेरीत आणखी चार गोष्टी उरकून घ्या:

'ॲ' हे ०९७२ क्रमांकाचं एक चिन्ह आहे, पण जुन्या मजकुरात ते 'अ' आणि वर चंद्र असं दोन चिन्हांचं असतं. दोन्हींना एनएफसी एक मानत नाही.

'बँक' कुणी चंद्रबिंदू देऊन लिहितं, कुणी चंद्र आणि त्यावर अनुस्वार. छपाईत फरक दिसत नाही.

जुन्या फॉन्टमधून बदलून घेतलेल्या मजकुरात 'ओ'च्या जागी 'आ' आणि वर मात्रा, 'ो'च्या जागी काना आणि मात्रा वेगवेगळी. हे फार आढळतं.

शब्दाच्या शेवटी चिकटलेली मोकळी जागा, विशेषतः न तुटणारी. ती दिसतच नाही, म्हणून सगळ्यात जास्त वेळ खाते.

ही सफाई कोशावर आणि पुढे पुस्तकांतून काढायच्या शब्दयादीवर आधी करायची. पुस्तकं मात्र आहेत तशीच राहणार, म्हणून अगदी शेवटी, सगळी रूपं तयार झाल्यावर, 'ऱ्' असलेल्या प्रत्येक रूपाची जोडकवाली जुळी प्रत पर्यायात घालायची. 'बँक'चंही तसंच करायचं.

पीडीएफ उघडून शब्द दाबल्यावर खिडकीत रोमन अक्षरांचा कचरा आला, तर तो मजकूर युनिकोडमध्ये नाहीच. कृतीदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. कोश बदलून इथे काही होणार नाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामचं मराठी मॉडेल वापरून पुन्हा ओळखवून घ्या.

'घर' सापडतं, 'घरात' सापडत नाही

खरा मोठा दोष हाच आहे आणि बहुतेक रिकाम्या खिडक्या याच्यामुळे येतात. यंत्र शब्द जसाच्या तसा शोधतं आणि आपली नामं वाक्यात क्वचितच मूळ रूपात असतात. 'मळा'चं 'मळ्यातनं' होतं, 'ऊस'चं 'उसाला', 'पाऊस'चं 'पावसामुळे', 'शेतकरी'चं 'शेतकऱ्यांकडून'.

सगळी रूपं तयार करून पर्यायांच्या फाइलीत भरायची, असं पहिल्यांदा सुचतं. आधी हिशेब करून पाहा. एका नामाची एकवचनी आणि अनेकवचनी अशी दोन सामान्यरूपं. त्यांना विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी मिळून साठ धरा, झाली १२०. प्रत्येक रूप नुसतं, 'च' लागून आणि 'ही' लागून, म्हणजे ३६०. नामं २० हजार धरली तर ७२ लाख रूपं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट. दहा चिन्हांचा शब्द म्हणजे ३० बाइट, वर अखेरीचा १ आणि नोंदीच्या क्रमांकाचे ४. एका रूपाला ३५ बाइट, म्हणजे सगळी फाइल २५ कोटी बाइटच्या वर. ई-रीडरच्या चिमुकल्या मेमरीवर हा बोजा टाकू नये. शिवाय त्यातली बहुतेक रूपं कुणी कधी लिहिलेलीच नसतात.

उलट बाजूने चला. रूपं पुस्तकांतूनच घ्या आणि तेवढ्यांनाच मूळ शब्दाशी जोडा. समजा १ लाख रूपं निघाली, तरी फाइल साडेतीन एमबीची.

आपली ईपब पुस्तकं कॅलिबर या ई-पुस्तकांच्या प्रोग्राममधून साध्या मजकुरात बदला, यूटीएफ-८ ठेवून. नोटपॅड++मध्ये आधी वर सांगितलेली सफाई करा, मग देवनागरी सोडून उरलेलं सगळं नव्या ओळीने बदला, म्हणजे एका ओळीत एक शब्द येतो. सफाई आधीच झालेली हवी, नाहीतर जोडकाच्या जागी एका शब्दाचे दोन तुकडे होतात. आता यादी लिबरऑफिस कॅल्कमध्ये घ्या आणि दुबार शब्द काढून टाका. एक्सेल वापरत असाल तर त्यातला 'युनिकोड टेक्स्ट' हा पर्याय घेऊ नका. तो यूटीएफ-१६मध्ये साठवतो आणि पुढे अडतं.

दुसऱ्या पानावर सामान्यरूपांचा तक्ता करा: डावीकडे सामान्यरूप, उजवीकडे मूळ शब्द. मोल्सवर्थमध्ये लिंग दिलेलं असतं, ते इथे कामाला येतं. आकारान्त पुल्लिंगीचं 'या' होतं: मळा, मळ्या. ईकारान्त पुल्लिंगीचंही तसंच: माळी, माळ्या. अकारान्त पुल्लिंगी आणि नपुंसकाला काना: फड, फडा, घर, घरा. ऊकारान्त नपुंसकाचाही काना: वासरू, वासरा. ईकारान्त स्त्रीलिंगी एकवचनात तसंच राहतं आणि अनेकवचनात 'नद्यां' होतं. अकारान्त स्त्रीलिंगी दोन तऱ्हांचं असतं, 'विटे' आणि 'भिंती'. कोणतं कुठे ते ठरवत बसू नका, दोन्ही रूपं तक्त्यात टाका. चुकीचं रूप पुस्तकात येतच नाही, त्यामुळे ते पडून राहील आणि त्रास देणार नाही. या उलट्या पद्धतीचा मोठा फायदा हाच: नियम थोडा सैल असला तरी पुस्तकच चाळणी लावतं.

तीन ठिकाणी मात्र काळजी घ्या. उपान्त्य ई-ऊ ऱ्हस्व होतात: गूळ, गुळा, पीक, पिका, दूध, दुधा. पण 'गीत', 'शरीर' असे तत्सम शब्द तसेच राहतात, म्हणून दोन्ही तऱ्हा तक्त्यात हव्यात. मधला स्वर गळतो किंवा बदलतो: कापूस, कापसा, माणूस, माणसा, देऊळ, देवळा. असे शब्द मोजके आहेत, हाताने भरलेले बरे. आणि 'री', 'रा'ने संपणाऱ्या मराठी शब्दांना 'ऱ्या' होतं, 'र्या' नव्हे. 'दरी'च्या 'दऱ्या' आणि समुद्र तो 'दर्या', यात गफलत झाली तर सह्याद्रीच्या वर्णनात खिडकी समुद्र दाखवेल.

आता पहिल्या पानावर. शब्द जसाच्या तसा कोशात आहे का, हे सगळ्यात आधी पाहायचं. असेल तर तिथेच थांबा, नाहीतर 'वरात'मधला 'त' प्रत्यय समजून काढला जाईल आणि खिडकीत नवरदेव येईल. नसेल तर रेजेक्स (नमुना देऊन शोधा-बदला करणाऱ्या) फंक्शनने शेवटचा प्रत्यय काढा आणि उरलेलं तक्त्यात शोधा. प्रत्ययांच्या यादीत ला, ना, ने, नी, शी, त, चा-ची-चे-च्या, तून, हून हे तर हवेतच. शिवाय तला-तली-तल्या, वर, वरून, वरचा, खाली, मध्ये, मधून, पासून, पर्यंत, साठी, मुळे, पेक्षा, कडे, कडून, बरोबर, प्रमाणे, सारखा. 'गुऱ्हाळातल्या'मधून 'तल्या' गेलं की 'गुऱ्हाळा' उरतं आणि तक्ता 'गुऱ्हाळ' देतो. 'च' आणि 'ही' दुसऱ्या फेरीत, पहिल्या फेरीत न सापडलेल्यांचेच काढा.

काही रूपं दोन घरची असतात. 'माळ्यावर' म्हणजे पोटमाळ्यावर की माळीबुवांवर? 'काहिलीत' हा शब्द रस उकळायच्या काहिलीचा, पण अंगाची 'काहिली' ही कोशात स्वतंत्र नोंद आहे. असं रूप दोन्ही नोंदींखाली द्या.

क्रियापदांची तऱ्हा अशीच: धातू काढून तो, ते, ला, लेला, ून, ताना, णार, ायला, ायचं, ण्या हे प्रत्यय. ज्यांचा भूतकाळ बदलतो ती हाताने लिहा: केल, गेल, आल, झाल, घेतल, दिल, खाल्ल, प्याल, मेल, म्हटल, सांगितल, मागितल, बघितल, पाहिल, राहिल, धुतल. एवढी भरली की क्रियापदांच्या बऱ्याच रिकाम्या खिडक्या भरतात.

शेवटी पायग्लॉसरीसाठी ओळी अशा करायच्या: मूळ शब्द, मग उभ्या दांडीने तोडून सगळी रूपं, मग टॅब, मग अर्थ.

गुऱ्हाळ|गुऱ्हाळात|गुऱ्हाळातल्या|गुऱ्हाळाचा|गुऱ्हाळावर

त्यातून स्टारडिक्ट तयार केला की एसवायएन फाइल आपोआप बनते.

बोलीतले शब्द

एवढं करूनही न सापडलेल्यांची यादी उरते, आणि ती बारकाईने बघण्यासारखी असते. माणदेश किंवा कृष्णाकाठच्या ग्रामीण कथा वाचत असाल तर तिच्यात न्हाई, हाय, व्हतं, कुटं, म्हंजी, लई, इहीर, इचार, येळ, इस्तू असे शब्द असतील. यांचा वेगळा छोटा कोश करा आणि डिक्शनरी सेटिंग्जमध्ये तो मोठ्या कोशाच्या वर ठेवा. अर्थाच्या जागी प्रमाण रूप आणि एका ओळीत अर्थ, एवढं पुरे. प्रत्ययांच्या यादीत तनं, वरनं, कडनं, पस्नं, संगं हेही घाला, म्हणजे 'फडातनं' आणि 'घरापस्नं' सुटतील.

सगळीकडे 'ण'चा 'न' करून रूपं बनवायचा मोह टाळा. 'मण'चं 'मन' होऊन बसतं. जे यादीत उरलंय तेवढंच हाताने भरा. आणि 'च' काढायच्या फेरीआधी 'वाईच' हा शब्द या छोट्या कोशात आलाच पाहिजे. तो राहिला तर 'वाईच चा घ्या' या वाक्यात यंत्र 'च' काढून वाई गाव शोधत बसतं.

किंडल आणि कोबोचं मूळ सॉफ्टवेअर

किंडल कोणता कोश उघडायचा ते पुस्तकाच्या भाषेवरून ठरवतं. पुस्तकाच्या माहितीत भाषा इंग्रजी असेल तर मराठी कोश असूनही इंग्रजीच उघडतो. कॅलिबरमध्ये पुस्तकाची भाषा मराठी करा, पुन्हा रूपांतर करून पाठवा. कोशाची माहिती असलेल्या ओपीएफ फाइलीतही शोधायची भाषा मराठी लिहिलेली हवी. रूपं तीच, फक्त इथे ती प्रत्येक नोंदीखाली आय-फॉर्म टॅगमध्ये जातात. किंडलवर केओरीडर बसवायला जेलब्रेक (कंपनीचं कुलूप तोडणं) लागतो, त्यामुळे ज्यांना तो करायचा नाही त्यांनी हाच रस्ता धरावा.

कोबोला स्टारडिक्ट चालत नाही. पायग्लॉसरीतून कोबोचा डिक्टएचटीएमएल प्रकार निवडा आणि तयार झालेली झिप फाइल न उकलता लपलेल्या कोबो फोल्डरातल्या 'कस्टम-डिक्ट' या फोल्डरात ठेवा. शेजारी साधा 'डिक्ट' फोल्डर असतो, तो कंपनीच्या कोशांचा. आपली फाइल तिथे टाकू नका.